नऊ मितींचं डोकं

घरच्या घरी डोकं सुरक्षितपणे गुळगुळीत चकोट करून देणाऱ्या यंत्रांच्या खोक्यावर हल्ली ‘नाईन-डी’ असं छापलेलं असतं. मध्यंतरी फाइव्ह-डी होतं, मग सेव्हन-डी आलं. डी म्हणजे डायमेन्शन. मिती.

ज्यावर ते फिरवायचं त्या डोक्याला लांबी, रुंदी, उंची अशा तीनच मिती. चौथी काळाची, ती टक्कल पडलेल्याला समजावून सांगावी लागत नाही, लग्नाचा अल्बम उघडला की पुरे. उरलेल्या पाच मी खोक्यात शोधल्या, खोक्याच्या बुडाशी शोधल्या, चार्जरच्या पिशवीत हात घालून शोधल्या. विश्वाचं कोडं सोडवू पाहणाऱ्या सुपरस्ट्रिंग सिद्धान्ताला दहा मिती लागतात. म्हणजे आपली हजामत भौतिकशास्त्राच्या फक्त एक पाऊल मागे आहे, आणि तेवढं अंतर येत्या दिवाळी सेलमध्ये भरून निघेल. मग कुणी सद्गृहस्थ बाथरूममध्ये कानामागचे केस काढता काढता अचानक दुसऱ्या विश्वात निघेल. तिथे त्याची त्याच्याशीच गाठ पडेल. तिथल्याच्या डोक्यावर दाट, कुरळं रान असेल आणि तो ह्याच्या टाळूकडे बघून, आवाज खाली आणून विचारेल, ‘‘कोण गेलं हो?’’

खरी गोष्ट एवढीच, की यंत्राच्या फिरत्या चकत्या मोजायच्या आणि पुढे डी लावायचा. ह्या हिशोबानं आमच्या घरची चार बर्नरची शेगडी फोर-डी आहे.

माहितीपत्रकात मुंगीच्या अक्षरांत आणखी एक कलम असतं: केस वाढलेले असल्यास आधी ट्रिमरनं बारीक करून घ्या. म्हणजे नऊ मितींना बोटाच्या पेराएवढा केस झेपत नाही. त्यासाठी दुसरं यंत्र. मानेवर केस आडवे निजलेले असतात, ते चकत्यांच्या हाती लागत नाहीत. भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात, तिथे कुठल्या बाजूनं जायचं हे यंत्राला कळत नाही आणि माणसाला दिसत नाही. म्हणून मागे दुसरा आरसा. त्यात उजवं-डावं असं काही फिरतं, की हात कानाकडे न्यावा तर मानेवर जातो.

आणि इथून दीड मिनिटाच्या अंतरावर सलूनवाला बसलेला असतो. तो कोमट पाण्यानं डोकं भिजवतो, साबण चोळतो, वस्तऱ्यात तुमच्यासमोर नवं अर्धं ब्लेड सरकवतो, डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरतो आणि केसांच्या दिशेनं हलका हात फिरवतो. वर तुरटी. झालं सगळं शास्त्र. मामाच्या मांडीवर आकांत करणाऱ्या वर्षाच्या पोराचं जावळ हा माणूस ओरखडा न उठवता काढतो. त्याला कुणी कधी मिती विचारल्या नाहीत. ‘‘काका, मागे उंदरानं कुरतडलंय का?’’ एवढं विचारून तो यंत्रानं ठेवलेली बेटं साफ करतो आणि पूर्ण पैसे घेतो. घ्यावेतच.

माझा राग यंत्रावर नाही. राग आहे तो एकाच डोक्याला जन्मभर पिळणाऱ्या ह्या धंद्यावर. विशीत ह्याच डोक्याला कांद्याचं तेल विकलं. केस आणि घरातली माणसं दोन्ही दूर गेली. तिशीत शाम्पू, गोळ्या, टाळूवर टोचायच्या सुयांचा रोलर. चाळिशीत एक दिवस अचानक सांगितलं, की टक्कल हाच खरा आत्मविश्वास, घे यंत्र! नाहीतर पाच पात्यांचा रेझर घे, ज्याचं पहिलं पातं केस ओढतं, मागचं तो कातडीच्या खालून कापतं, मग तो केस आतल्या आत वळतो आणि त्याची पुळी होते. पुळीवरचं लोशन? त्याच फळीवर, शेजारीच. पुळी बसली की डोकं चमकतं, म्हणून चमक घालवणारं मॅट क्रीम. अरे, केस असताना चमक यावी म्हणून ह्यांनीच सीरम विकलं होतं ना? तेव्हाची चमक सौंदर्य आणि आताची रोग? आणि हे सगळं मोबाइलवर हातवारे करून समजावणाऱ्या पोराच्या डोक्यावर बघावं, तर वीतभर बुचडा.