डबीवर नाव नाही

तुळशीची लग्नं लागली की पार्लरं भरून वाहू लागतात. नवरीचं पॅकेज, करवल्यांचं केराटिन, नवरीच्या आईचं फेशियल. त्याबद्दल तक्रार नाही. घरादारासाठी राबणाऱ्या बाईला तासभर निवांत बसून डोक्याला मालिश करून घ्यावीशी वाटली, तर ते सुख तिला मिळायलाच हवं. तक्रार आहे ती निघताना तिच्या हातात पडणाऱ्या डबीबद्दल.

ही डबी अनेकींनी पाहिली असेल. पांढरी, प्लास्टिकची, कुंकवाच्या करंड्याएवढी. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. फार तर झाकणावर पेनाने ‘रात्री’ असं लिहिलेलं. “झोपताना लावा ताई, आठ दिवसांत फरक दिसेल.” आणि फरक दिसतो. खरी मेख तिथेच आहे.

झटपट उजळवणाऱ्या अशा बिननावाच्या क्रीममध्ये पुन्हा पुन्हा सापडतात त्या गोष्टी दोन : पारा आणि स्टेरॉइड. पारा त्वचेत रंगद्रव्य तयारच होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. अकोल्यातल्या एका घरात आई आणि दोन मुली, तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता धागा पोचला तो गावातल्याच ब्यूटिशियनकडून आणलेल्या क्रीमपर्यंत. त्या क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच, तर बहुतेक प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागापुरती सूट. लघवीला फेस येतोय, पाय सुजताहेत आणि घरात अशी डबी आहे, तर ती डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

स्टेरॉइडची तऱ्हा वेगळी. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही चिठ्ठीवरची औषधं, ठरावीक दिवसांपुरती. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ उठतं, लव वाढते. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून बाई पुन्हा तीच डबी आणते. पार्लरला कायमचं गिऱ्हाईक मिळतं.

केसांचंही तेच. केस सरळ करणाऱ्या केराटिनच्या बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’ वाचून निर्धास्त होऊ नका. त्याच्या जागी बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०२४ मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत छापली. २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये तिने हेच ॲसिड असलेल्या क्रीमने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. लेप लावताना टाळूची आग होत होती, नंतर जखमा झाल्या. तेव्हा खुर्चीत बसल्यावर आग होऊ लागली तर ‘जरा सहन करा’ ऐकू नका. उठा आणि डोकं धुवायला लावा. जिथे फॉर्माल्डिहाइड वापरतात तिथे दिवसभर इस्त्रीचा धूर छातीत घेणारी, हातमोजे न मिळालेली पार्लरमधली पोरगीही माझ्या डोळ्यांपुढे आहे. तिला बाटलीत काय आहे हे कुणी सांगतच नाही.

घरची निगा त्यामानाने स्वस्त आहे. सौम्य साबण, उन्हात जाताना सनस्क्रीन, कोरड्या त्वचेला साधं मॉइश्चरायझर. कोंड्यावर तेल थापू नये, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. केटोकोनॅझोलचा शाम्पू तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवावा. यात आठ दिवसांचा चमत्कार नाही, आणि नसलेलाच बरा.

पार्लरमध्ये मात्र एक हट्ट धरा : मूळ डबी दाखवा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, घटक. आपण गोळीचं पाकीट उलटून बघतो, मग रोज रात्री चेहऱ्यावर चोळायचं ते का बघू नये? आणि अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीआधी खव्याची तपासणी करावी तशी लग्नसराईआधी पार्लरच्या कपाटांचीही करावी. बिननावाची डबी सापडली की ती कुठून आली, हे शोधत थेट बनवणाऱ्याच्या दारापर्यंत जावं.