सौ. वाटीबाईंना अनावृत पत्र

सौ. वाटीबाई यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या स्वयंपाकघरावर आपली पिढ्यान्‌पिढ्या सत्ता आहे, पण आपल्यात नेमकं मावतं किती, हे आपण कधी कुणाला कळू दिलं नाही. आमटीची वाटी निराळी, आहेरातली निराळी, तुपाची तर अंगठ्याएवढी. पाककृतीत मात्र साऱ्याजणी 'एक वाटी' म्हणून मिरवता. परदेशी कपांचंही एकमेकांशी जमत नाही: अमेरिकेचा सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा, जपानचा २००चा. पण त्यांनी निदान आपापला आकडा जाहीर तरी केला आहे.

'प्रमाण सांभाळा, आकाराचं काय घेऊन बसलात' हे आपलं ठरलेलं उत्तर. मोदकाच्या उकडीपुरतं ते कबूल. जेवढी पिठी तेवढंच पाणी. वाटी कुठलीही घ्या.

पण सत्यनारायणाच्या प्रसादाचं काय? रवा, साखर, तूप, सगळं सव्वा. आचारी सव्वा किलो तोलतो, आम्ही सव्वा वाटी मोजतो आणि दोघांनाही वाटतं, शास्त्र पाळलं. आता २४० मिलिलिटरच्या भांड्यात रवा बसतो साधारण १७० ग्रॅम, साखर २००, पातळ तूप २१५च्या आसपास. म्हणजे आचाऱ्याचं तूप रव्याइतकंच आणि आपल्या कृपेने आमचं तूप वजनाने रव्याच्या सव्वापट! घरचा प्रसाद बोटं चाटायला लावतो त्याचं पुण्य पूजेच्या खाती जमा होतं, हा आपल्यावर अन्यायच. (पूर्वीचा शेर मापाचाही असे आणि वजनाचाही. तेव्हा हा घोळ आपण एकट्यांनी घातलेला नाही, हे आपल्या बाजूने नोंदवतो.)

मैद्याशी मात्र आपलं वागणं अक्षम्य आहे. चमच्याने अलगद भरून सुरीने सपाट केला, तर त्याच भांड्यात १२० ग्रॅम. डब्यात खुपसून भरला, तर दीडशेपर्यंत. त्यात कृती लिहिणाऱ्याने 'दोन वाट्या मैदा, १०० ग्रॅम लोणी, दोन अंडी' असं लिहिलं, की संपलंच. लोणी तोललेलं, अंडी मोजलेली, त्यांना आपला आकार काय ठाऊक? केकची वीट झाली की बोल ओव्हनला.

तेव्हा विनंती अशी. उकड, खिचडी, शिरा आपण खुशाल सांभाळा. केक-बिस्किटांच्या वेळी वजनकाट्याला पुढे होऊ द्या. आणि भांड्यांवर नाव घालायला दुकानात जाल, तेव्हा 'सप्रेम भेट'च्या खाली आपले मिलिलिटरही कोरून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक तुपकट भक्त