थे गाडी तं बंद झाली

विदर्भातला माणूस पुण्यात स्थिरावला की त्याला दोन आजार जडतात. एक, तिथल्या एप्रिलातही तो उकडतंय म्हणून कण्हायला लागतो. दोन, त्याला गावाकडची गाडी आठवायला लागते. माझी गाडी म्हणजे शकुंतला.

मुर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, वेळ चार तासांच्या आसपास. हिचा ताशी वेग काढायचं गणित आमच्या गुरुजींनी कधी घातलं नाही. उत्तर बरोबर आलं तरी पोरांना चुकल्यासारखं वाटलं असतं. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा म्हणून एका इंग्रज कंपनीने ही लाईन टाकली. तिथूनच 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन आपल्याकडे आलं आणि ते 1994 च्या एप्रिलपर्यंत राबलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी 'थकलो बावा' म्हणत निवृत्त होणाऱ्या आमच्या भाऊबंदांनी त्याचा फोटो घरात लावायला हरकत नव्हती.

पुण्यातल्या मित्रांना सांगताना ही गाडी दरवेळी थोडी आणखी हळू होते. चालत्या डब्यातून उतरायचं, बोरं तोडायची आणि पुढच्या डब्यात चढायचं, हा किस्सा देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीच्या नावावर आहे. मीही तो हिच्या नावावर खपवतो. तिला आता त्याने काय फरक पडणार?

तर यंदा मुलांना घेऊन गेलो. मुर्तिजापूरहून एसटीने दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, काकांकडे. दर्यापूरकडे खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अंजनगावला मात्र विड्याच्या पानांचे मळे. मी मुलांना हे रसभरित सांगत होतो आणि शेजारचे आजोबा माझ्याकडे, सातबारा बघायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहत होते.

काकांना म्हटलं, "चला, स्टेशनावर जाऊन येऊ."

"कायले?"

"शकुंतला..."

"थे तं बंद झाली. ब्रॉडगेज होनार म्हनतेत. रूळायवर गवत हाय, थे पाह्यतं काय?"

"काका, तुम्हाला आठवण येत नाही?"

"येते ना. माह्या लग्नाची वरात त्याच गाडीनं नेली होती. पोचलो तं पहिल्या पंगती उठल्या होत्या. तुही काकू अजून सुनावते." मग जरा थांबून म्हणाले, "तुले गाडी पाह्यजे, पोरा. आमाले टायमावर अमरावती पाह्यजे."

यावर पुणेरी गहिवराकडे उत्तर नसतं. तिचं कौतुक करणारे आम्ही सगळे गाव सोडलेले. तिकीट काढून तिच्यात बसायची वेळ राहिलेल्यांवर यायची, आणि तेही शहाणे असल्यामुळे एसटीनेच जायचे.

एवढ्यात काकूने आतून विचारलं, "पाहुण्यायसाठी तिखट कमी टाकू काय?" माझ्या वऱ्हाडीपणाचा इतका थेट पंचनामा आजवर कोणी केला नव्हता. मी बाणेदारपणे 'नाही' म्हटलं आणि जेवताना मुलांसमोर रडलो. मुलांना वाटलं, बाबांना गाडी आठवली.

दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला. महाराष्ट्रात असून इथे कॉफी पिकते. गाविलगड 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीने घेतला, असं मी सुरू केलं होतं; पण भीमाने कीचकाला फेकलं म्हणतात ती दरी दिसली आणि काकांनी ताबा घेतला. "तथी कीचकाले फेकलं. आता सेल्फीवाले सोताहून वाकतेत, भीमाचं काम नाही राह्यलं."

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हा बहिरमची यात्रा असते, हंडीतलं मटण आणि रोडगे मिळतात. मे महिन्यात मात्र जाऊ नका. घरात कूलर एकच आहे आणि त्याच्यासमोर काका असतात.