वर्गाबाहेर काढण्याची घरपोच सोय

आमच्या वेळी गुरुजी पोराला वर्गाबाहेर काढायचे, पण त्या शिक्षेत गळती फार. व्हरांड्यात आधीच दोघं-तिघं उभे असत. शिपाईमामा जाता-येता विचारत, "आज काय रे उद्योग केलास?" समोर दुसऱ्या तुकडीची कवायत चालू. पोरगा परत आत यायचा तो उलट गावभरच्या बातम्या घेऊनच.

ही गळती २०२० साली बुजवण्यात आली. मार्चात शाळांना कुलूप लागलं आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी अभ्यासमाला राज्यात सुरू झाली. वर्गाबाहेर उभं राहायची सोयही त्याबरोबर घरपोच मिळू लागली.

माझी भाची तेव्हा सातवीत. घरात मोबाइल एक, दादाची बारावी. तो हातात पडेपर्यंत दहा वाजून आठ मिनिटं. मग पडद्यावरच्या प्रतीक्षाकक्षात बारा मिनिटं. आत घेतल्यावर बाईंचा पहिला प्रश्न, "उशीर का?" तिनं सविस्तर खुलासा केला. माइक बंद होता. बाईंनी खुलासा न मिळाल्याची नोंद केली.

एकदा तिनं भूगोलाच्या तासाला शंका विचारायला तो पिवळा पंजा वर केला. तो विज्ञानाच्या तासापर्यंत तसाच वर. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "हं, विचार." आता मान्सूनची शंका पचनसंस्थेत कशी घालायची? ती गडबडली, नेमकी तेव्हाच मागे कुकरची शिट्टी झाली, आणि सगळे हसले. पण सगळ्यांचे माइक बंद. हसू ऐकू आलंच नाही. नुसत्या चौकटी-चौकटींतून उघडलेली तोंडं. दुसऱ्या दिवसापासून भाचीचा कॅमेरा 'बिघडला'. तो वर्षभर दुरुस्त झाला नाही.

सरकारनं काळजी घेतली नाही असं मात्र म्हणू नये. जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीला दिवसाला दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटं, असं चोख मोजमाप होतं. पोरीनं पडद्याकडे किती वेळ बघावं ते ठरलं. पडद्यानं पोरीकडे किती वेळ बघावं, हा विषय बहुधा अभ्यासक्रमाबाहेरचा. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची कारणं मांडली. त्यातलं एक म्हणजे सतत स्वतःचंच तोंड दिसत राहणं. आमच्या शाळेत दप्तरात आरसा सापडला की पालकांना बोलावत.

खरी प्रगती ग्रुपांत झाली. एक ग्रुप बाईंचा. एक बाई नसलेला. आणि एक भाची नसलेला. त्याचा पत्ता तिला लागला तो कुणीतरी चुकून मोठ्या ग्रुपवर "काल काय हसलो ना!" असं टाकलं म्हणून. मिनिटभरात तो संदेश पुसला गेला. पूर्वी कट्टी घ्यायची तर समोर यावं लागे, तोंडावर सांगावं लागे, आणि मधल्या सुट्टीत चिंचेच्या बदल्यात बट्टीही होई. इतका कामाचा बोजा मुलांवर होता!

कागदोपत्री मात्र बाहेर कुणीच राहिलं नाही. २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

पुढे शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात वही अपुरी म्हणून भाचीला बाईंनी वर्गाबाहेर काढलं. घरी आली ती दप्तर फेकून सांगायलाच लागली, "मामा, बाहेर आम्ही चौघी होतो!"