माणूस केवढा दिसावा?

लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसरचे नाव ठसठशीत छापतात, मेमरी छापतात, बॅटरी किती तास टिकेल याची एक आशावादी थापही छापतात. कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र 'एचडी' एवढीच अक्षरे येतात. स्थळाच्या माहितीत 'उंची बेताची' लिहावे, तसे. जाणत्याने त्यातून काय ते समजायचे. एचडी म्हणजे आडवे 1280 आणि उभे 720 ठिपके. गुणाकार केला तर 9 लाख 21 हजार 600, म्हणजे एक मेगापिक्सेलसुद्धा नाही. 'फुल एचडी' लिहिलेले असेल तर 1920 गुणिले 1080, वीस लाखांच्या थोडे वर. आणि हे सगळे कोणत्या काळात, तर भाजीवाल्याच्या फोनलाही पन्नास मेगापिक्सेलचा डोळा असतो त्या काळात.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात एवढी काटकसर का, हा प्रश्न मी दिल्लीच्या नेहरू प्लेसला विचारून पाहिला. माझ्या घरून, म्हणजे नोएडाहून, तिथे जाणे आता सोपे आहे. बोटॅनिकल गार्डनला मॅजेंटा लाइन पकडायची आणि कालकाजी मंदिरला उतरायचे. चौकात पाय ठेवताच 'विंडोज, सर? ॲन्टीव्हायरस?' असे कानाशी पुटपुटणारे तरुण भेटतात, मग स्क्रीनगार्डवाले, मग टोनर भरून देणारे, आणि या सगळ्यांच्या मधोमध पडद्यांच्या कापडाची दुकाने. संगणकांच्या एवढ्या मोठ्या बाजारात पडद्याचे कापड कोण घेते हे मला पूर्वी कळत नसे. घरून काम सुरू झाल्यावर कळले. कॅमेऱ्यामागची भिंत झाकायला लोक तेच नेत असावेत.

दुकानदाराने मला एकामागून एक लॅपटॉप उघडून दाखवले. कीबोर्डचा उजेड दाखवला, एका बोटाने झाकण उघडते हेही दाखवले. "और कॅमेरा?" म्हणालो, तर तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "सर, कॅमेरा तो फोन में देखते हैं." मग माझ्या वयाकडे पाहून त्याने जोडले, "बच्चों से बात करनी है? आराम से दिखेगा." गिऱ्हाईक ओळखावे तर दिल्लीच्या दुकानदाराने. मुले परदेशी, आई साताऱ्याला आणि आपण मध्येच कुठेतरी यमुनेच्या काठी, हे त्याला माझ्या एका प्रश्नावरून उमगले होते.

घरी आणलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा खरोखर किती ठिपक्यांचा आहे, हे पाहायला फार विद्या लागत नाही. विंडोजमधले कॅमेरा ॲप उघडायचे, कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर टिचकी मारायची. फोटोच्या रकान्यात 0.9 मेगापिक्सेल दिसले तर एचडी, 2.1 दिसले तर फुल एचडी. व्हिडिओच्या रकान्यात 720 किंवा 1080, आणि पुढे सेकंदाला चित्रे किती, ते. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हा रकाना विश्वासाचा. कारण वेबकॅमच्या जगात आकड्यांची फुगवाफुगवी जुनी आहे. पूर्वी मॉनिटरला चिमट्याने लावायचे स्वस्त कॅमेरे मिळत, त्यांच्या खोक्यावर '25 मेगापिक्सेल' असे तारांकित अक्षरांत असे आणि तळाशी मुंगीएवढ्या टायपात 'इंटरपोलेटेड'. म्हणजे खरे ठिपके थोडेच, मधले संगणकाने अंदाजाने भरलेले. आपली तीट कॅमेऱ्याने पाहिलेली की त्याने मनानेच लावलेली, हे सांगता येत नसे.

माझ्या यंत्रात 2.1 निघाले. मी खूश होतो, पण गुरुग्रामहून आलेल्या भाच्याला तेवढ्याने चैन पडेना. त्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, काळ्या पडद्यावर एक आज्ञा टंकली आणि लांबलचक यादी काढली. "मामा, 1080 आहे, पण दाबलेल्या चित्रात. न दाबलेल्यात सेकंदाला पाचच फ्रेम." त्याने हिशेब मांडला. लॅपटॉपच्या आतला कॅमेराही बहुधा यूएसबीच्याच वाटेवर बसवलेला असतो, आणि जुन्या यूएसबी 2.0 ची धाव सेकंदाला 480 मेगाबिटांची. फुल एचडीची तीस चित्रे न दाबता पाठवायची तर हजाराच्या आसपास लागतात. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्राची आधी घडी घालतो आणि मग पुढे सरकवतो. मामीने विचारले, "म्हणजे चांगला की वाईट?" भाचा म्हणाला, "मामी, चांगलाच आहे." मग त्याला पोहे मिळाले.

लॅपटॉपवाले इतके कंजूष का, याचे उत्तर झाकणात आहे. फोनला सात-आठ मिलिमीटर जाडी मिळते, शिवाय पाठीवर उंचवटा काढला तरी कोणी काही म्हणत नाही. पातळ लॅपटॉपचे झाकण बहुधा त्याच्या निम्मेही जाड नसते, आणि तेवढ्यात पडदा, काच, तारा आणि कॅमेरा यांनी गुण्यागोविंदाने राहायचे. जागा कमी म्हणून भिंग लहान, भिंग लहान म्हणून उजेड कमी. ॲपलसारख्या कंपनीनेही मॅकबुक एअरला 2022 पर्यंत 720 वरच ठेवले होते. मधल्या काळात पडद्याच्या कडा बारीक करण्याची साथ आली आणि वरच्या कडेला कॅमेऱ्यालाच जागा उरली नाही. मग डेलने 2015 च्या एक्सपीएस 13 मध्ये तो पडद्याच्या खाली नेला. परिणाम असा, की समोरच्याला तुमचा चेहरा नंतर आणि नाकपुड्या आधी दिसत. हुवावेने 2018 मध्ये तो कीबोर्डच्या एका कळीखाली दडवला. कळ दाबली की उंदरासारखा वर यायचा आणि खालून हनुवटी न्याहाळायचा. डेलने 2019 मध्ये सव्वादोन मिलिमीटरचा कॅमेरा घडवून तो पुन्हा वर नेला. तेवढ्या चार वर्षांत जगातल्या किती अधिकाऱ्यांच्या नाकातले केस त्यांच्या हाताखालच्यांनी पाहिले असतील, ते असो.

आता हे सगळे कशासाठी? जगातला पहिला वेबकॅम माणसासाठी नव्हताच. 1991 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत एक कॉफीचे भांडे होते. इमारतीच्या दुसऱ्या भागांतली मंडळी जिने तुडवत यायची आणि भांडे रिकामे निघायचे. क्वेन्टिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र सगळ्यांच्या पडद्यांवर आणले. 128 गुणिले 128 ठिपके, करडे, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारे. माझ्या जुन्या 720 वाल्या लॅपटॉपच्या छप्पनाव्या हिश्श्याएवढे. 1993 मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेले आणि कॉफी न पिणारे लोकही देशोदेशीहून भांडे बघू लागले. 2001 च्या ऑगस्टमध्ये कॅमेरा बंद झाला, भांडे लिलावात 3,350 पौंडांना गेले. सोळा हजार ठिपके कोणाला अपुरे वाटले नाहीत, कारण प्रश्न एकच होता: कॉफी आहे की नाही? प्रश्न केवढा, यावर चित्र केवढे हवे ते ठरते. खोक्यावर हे कोणी छापत नाही.

न्यायालयाचेच पाहा. 2020 च्या मार्चपासून दिल्लीतल्या सुनावण्या पडद्यावर गेल्या. वकिलांच्या घरची पुस्तकांची कपाटे देशाने पाहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजस्थान उच्च न्यायालयात एक वकील बनियनवर प्रकटले आणि सुनावणी पुढे ढकलावी लागली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक महाशय टी-शर्टवर, बिछान्यात आडवे होऊन हजर झाले. त्यांनी माफी मागितली आणि ती मान्य झाली. बनियन ओळखायला फुल एचडी लागत नाही. कॉफीवाला कॅमेरासुद्धा पुरला असता.

आईचा प्रश्न त्याहून बारीक आहे, पण तिलाही ठिपके थोडेच लागतात. ती साताऱ्यात सहा इंची फोनवर बघते. कॉलवर बहीण, भाऊ, मावशी असे सगळे आले की पडद्याचे तुकडे होतात, आणि ॲपही हुशार, छोट्या चौकटीसाठी छोटेच चित्र पाठवते. माझे वीस लाख ठिपके तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पोस्टाच्या तिकिटाएवढे होतात. त्या तिकिटात तिला दिसते की मी बारीक झालो आहे (मी झालेलो नसतो), दाढी वाढली आहे, आणि मागच्या देव्हाऱ्यात दिवा नाही. हे शेवटचे मी एकदा मुद्दाम मोठे करून पाहिले. समई म्हणजे माझ्या पडद्यावर पिवळट असे पाच-सहा ठिपके. तेवढे नाहीत, हे तिने साडेबाराशे किलोमीटरवरून टिपले होते. "सात वाजले, दिवा नाही लावलास?" यापुढे कुठली कंपनी काय सुधारणा करणार?

दिल्लीचा हिवाळा मात्र या कॅमेऱ्यांची खरी परीक्षा घेतो. नोव्हेंबरात धुरके उतरले की भरदुपारी संध्याकाळ होते. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. मग तिसाची पंधरा चित्रे होतात, हात हलवला की मागे हाताचे भूत उरते, आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत रवा सांडल्यासारखे दाणे नाचू लागतात. काही जुन्या दिव्यांखाली तर चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, कॅमेरा मात्र कधी कधी अमेरिकेच्या 60 ची सवय घेऊन आलेला. सेटिंगमध्ये 'फ्लिकर रिडक्शन' 50 वर केले की पट्टे जातात. धुरके त्याने जात नाही. समोर खिडकी नाहीतर एक टेबललॅम्प ठेवला, तर 720 वालाही बरा दिसतो. अंधारात 1080 म्हणजे जास्त ठिपक्यांचा अंधार.

एवढी तपासणी झाल्यावर मी कौतुकाने हिला नवा कॅमेरा दाखवला. तिने स्वतःला पाहिले, कानामागचे पांढरे केस पाहिले, आणि म्हणाली, "हे कशाला एवढं?" मग मला बाजूला सारून तिने कॉलच्या ॲपमध्ये शोधाशोध केली. तिथे आपले चित्र किती स्पष्ट पाठवायचे हे निवडता येते, 360 की 720. म्हणजे माझा 1080 तिथे मुळात जातच नाही, हे भाच्यानेही सांगितले नव्हते. तिने 360 केले आणि नणंदेला फोन लावला. तासभर गप्पा झाल्या, कोणी कोणाला बारीक म्हटले नाही, जाड म्हटले नाही.

रविवारी विहीणबाईंचा कॉल होता. ही कपाटातली पैठणी नेसून आली, लॅम्प सरळ केला, पदर पुढे घेतला आणि मला म्हणाली, "ते 720 करून द्या हो. आणि तुम्ही चौकटीतून उठा, शर्टाला इस्त्री नाही."