एका बाटलीपुरता माठ

शहाण्या माणसाचा हिशेब असा. मधुमेह हा घर असलेल्याचा आजार. त्याला ठरल्या वेळचं जेवण लागतं, फ्रीज लागतो, रात्री चारदा उठायचं तर जवळ संडास लागतो, पाय धुतल्यावर पुसायला कोरडं फडकं लागतं, गोळ्या ठेवायला डबा लागतो. ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही त्याला औषध देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक मला सापडत नाही. तो पुरता ऐकून घेऊनही संध्याकाळी ग्लुकोमीटर खिशात टाकून दुकानांच्या पायऱ्या आणि बसथांबे पालथे घालणारे जे वेडे असतात, त्यांची स्तुती करायला मी बसलो आहे.

हे वेड नागपूरजवळच्या खापरखेड्यात नीट समजतं. इथलं औष्णिक वीज केंद्र १३४० मेगावॉटचं. आसपास कोळशाच्या खाणी, अंगणात राख, आणि पोटासाठी लांबून आलेली माणसं. ठेक्यावरचं काम सुटलं, शरीर थकलं, गावाकडे वाट पाहणारं कोणी उरलं नाही, की अशा वस्तीत माणूस कुणाच्या तरी ओट्यावर मुक्काम टाकतो. वीज इथून राज्यभर जाते. ओट्यावरच्या माणसाला मात्र इन्सुलिनची एक बाटली गार ठेवायला जागा नसते. न उघडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश लागतात आणि मे महिन्यात नागपूरकडचा पारा ४५ च्या पुढे जातो.

म्हणून वेडा माठ आणतो. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत वाळू, वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओलं फडकं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. नागपूरकराला हे शिकवावं लागत नाही, त्याचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच जोरावर चालतो. कोरड्या उन्हाळ्यात हे उत्तम जमतं, पावसाळी दमट हवेत कमी. मडकं फ्रीजइतकं गार होत नाही, हा शहाण्यांचा आक्षेप खरा आहे. पण 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातल्या निर्वासित छावणीतल्या तापमानावरून अभ्यास करून २०२१ मध्ये दाखवून दिलं, की २५ ते ३७ अंशांत वर-खाली होणाऱ्या तापमानातही इन्सुलिन चार आठवडे आपलं काम करतं. म्हणजे चहाच्या ठेल्यामागे, सावलीत, ठेलेवाल्याच्या भरवशावर ठेवलेलं ते मडकं हा दवाखान्याचाच एक कोपरा झाला. कुणाची बाटली कुठली हे कळावं म्हणून झाकणाला वेगवेगळ्या रंगाचा दोरा.

मग पाय. हा वेडा जमिनीवर बसतो आणि म्हणतो, "काकाजी, पाय दाखवा बरं."

"पायाले काही नाही झालं बाप्पा. दुखतच नाही."

"दुखत नाही म्हणूनच तर पाहून राहिलो."

तळव्यात खडा रुतलेला, भोवती कातडी पांढरी पडलेली, आणि माणूस त्यावर दोन दिवस चाललेला. साखरेने नसा बधिर झाल्या की तापलेलं डांबर कळत नाही, चपलेतली खिळ्याची नोक कळत नाही. जखम चिघळली की आधी बोट जातं, मग पाय. मडकंभर पाणी, साबण, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला जुन्या धोतराचा तुकडा आणि एक जोड बंद चपला एवढ्यावर पाय वाचू शकतो. अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेऊन बसायला मात्र थोडं वेड लागतंच.

सुई टोचण्याआधी तो विचारतो, "जेवले का?" हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. इन्सुलिन घेतलं आणि भंडाऱ्याची पंगत झालीच नाही, तर साखर इतकी खाली येते की माणूस घामाघूम होतो, अडखळतो, असंबद्ध बोलतो. येणारेजाणारे म्हणतात, पिऊन पडला. वेडा तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजतो, पंधरा मिनिटं शेजारी बसतो, पुन्हा बोट टोचून पाहतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र तो काही ओतत नाही, सरळ दवाखाना गाठतो. जेवणाचा भरवसा नसलेल्या माणसाला कोणत्या गोळीने साखर घसरणार नाही हे पाहून औषध लिहिणारे, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) सातच्या खाली आणायचा हट्ट सोडणारे डॉक्टरही याच पंथातले. एरवी साखर वाढली की खापर रुग्णाच्याच माथी फुटतं: वेळेवर घेत नाही, पथ्य पाळत नाही. ज्याचं पथ्य दात्याच्या मर्जीवर, त्याने ते पाळायचं कसं?

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर बेघर मोजले गेले. शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. खापरखेडा त्या लाखाच्या आसपासही नाही. इथे निवाऱ्याचं काम ओट्यालाच करावं लागतं, आणि कागद भिजू नये म्हणून औषधाची चिठ्ठी दुधाच्या पिशवीत गुंडाळून कमरेला.

या वेडाची परंपरा आपल्या विदर्भातलीच आहे. शेंडगावचे डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, जवळ फुटकं गाडगं, हातात खराटा. लोकांनी वेड्यात काढलं. स्वतःला घर न ठेवता याच गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आणि अशाच वेडाने इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. कुठल्याही व्यापाऱ्याने कपाळाला हात लावावा असा तो सौदा होता. त्या सौद्यातूनच निघालेली एक बाटली आज दोरा बांधून ठेल्यामागच्या मडक्यात आहे. दिवस मावळतो आहे, वाळू सुकत आली आहे, आणि ठेलेवाला गिऱ्हाईक थांबवून आधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओततो आहे.