सदतिसावा आठवडा

डब्लिनमध्ये एका युरोत कॉफी मिळत नाही, पण समुद्रासमोरचं घर मिळतं. भांड्याकुंड्यांसकट, चार माणसं आरामात झोपतील असं. फक्त ते वर्षातून सात रात्री आपलं असतं आणि बाकीचे दिवस आणखी पन्नासेक कुटुंबांचं. याला टाइमशेअर म्हणतात. कंपनीकडून नवा घ्यायला गेलात तर हजारो युरो पडतात. तोच कुणाच्या हातून जुना घेतला, तर किंमत कधीकधी अशी लाजिरवाणी खाली आलेली असते.

आमच्या समोर राहणाऱ्या आजोबांचा असा एक आठवडा आहे, देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर. आयरिश पौंड चालत होते आणि मुलं लहान होती तेव्हा त्यांनी तो घेतला. आता एक मुलगा सिडनीला, एक व्हँकुव्हरला. मुलगी इथेच गॉलवेला आहे, पण तिला तो नको आहे, फुकटही नको. आजींचे गुडघे गेले. म्हणून एका संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर काढता काढता आजोबांनी तो मला देऊ केला. व्यवहार झाला असं दिसावं म्हणून एक युरो. बोलताना ते दान करणाऱ्या माणसासारखे दिसत होते, पण दान करणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे इतक्या काळजीने बघत नाही.

ही कल्पना युरोपातलीच. 1963 साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. एकट्याला परवडत नाही ते सुट्टीचं घर अनेकांनी मिळून घ्यायचं आणि राहण्याचा हक्क वाटून घ्यायचा, असा साधा शहाणा विचार. 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआय आली आणि आपला आठवडा जमा करून दुसऱ्याचा दुसरीकडे वापरायची सोय झाली. आपल्याकडे स्टर्लिंग 1986 मध्ये आली, महिंद्रा हॉलिडेज 1996 मध्ये. त्या काळात पुण्या-मुंबईत नवा संसार मांडलेल्यांना आठवत असेल, कुठेतरी कूपन भरलं की बक्षीस लागायचंच, आणि ते घ्यायला जोडीनेच या असा फोन यायचा. जोडीने का, तर एकटा आलेला नवरा ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणून निसटतो. नवऱ्यांची ही ढाल कुणीतरी फार बारकाईने अभ्यासली असावी.

या धंद्यात वर्षाला रंग असतात. मोक्याचे आठवडे लाल, मधले पांढरे, ओस पडणारे निळे. आयर्लंडात लाल आठवड्यातही पाऊस पडतोच, फक्त तो महाग पडतो. आजोबांचा आठवडा सदतिसावा, म्हणजे साधारण सप्टेंबरचा दुसरा. इथल्या जुन्या गणनेप्रमाणे शरद ऋतू 1 ऑगस्टलाच लागतो, त्यामुळे सप्टेंबरात किनाऱ्यावर जाणाऱ्याला लोक थोड्या आदराने बघतात. आजोबांचं म्हणणं वेगळं. समुद्र सावकाश तापतो, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरातच तो सर्वांत ऊबदार असतो. हे खरं आहे. ऊबदार म्हणजे 15 ते 16 अंश. एवढ्या आकड्यावर आपल्याकडे लोक कपाटातून स्वेटर काढतात.

त्याच बाजूला वेक्सफर्डमध्ये कराक्लोचा किनारा आहे. स्पिलबर्गने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधलं नॉर्मंडीवर सैन्य उतरण्याचं ते भयंकर दृश्य 1997 मध्ये तिथे चित्रित केलं. जागा निवडणाऱ्याचं काही चुकलं नाही. जुलैत आम्ही मंडळी तिथे जातो तेव्हा आमचंही उतरणं साधारण त्याच थाटात होतं. आधी वारा अडवायच्या कापडाचे दांडे दगडाने वाळूत ठोकायचे. मग त्या कापडाआड सगळ्यांनी वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. डबे उघडले की वारा दिशा बदलतो आणि पोह्यांवर खोबऱ्याऐवजी वाळू पसरते. पोरं निळ्या ओठांनी ‘थंडी नाहीये’ म्हणत पाण्यात उभी असतात. तेवढ्यात सत्तरीच्या पुढची एखादी आयरिश आजी पोहण्याच्या कपड्यांत येते आणि न थबकता, न शहारता, न्हाणीघरात शिरावं तशी समुद्रात शिरते. ती गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन मैत्रिणीशी गप्पा मारते आणि आपण जॅकेटची चेन वर ओढतो. एवढं होऊनही परतताना गाडीत कुणीतरी म्हणतंच, ‘इथे आपलं एक घर हवं होतं.’ टाइमशेअर विकला जातो तो नेमका या वाक्यावर.

आजोबांनी गेल्या वर्षीचं बिल दाखवलं. बायकोने ते चष्मा लावून वाचलं. विमा, छत, गालिचे, पोहण्याचा तलाव, कार्यालयाचा खर्च आणि शेवटी सिंकिंग फंड. सिंकिंग फंड वाचल्यावर ती एकदम सैल झाली, पुण्यातल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा भेटल्यासारखी. एकूण 850 युरो. सात रात्रींनी भागले तर रात्रीला 121. सप्टेंबरात त्या भागात घर भाड्याने घेतलं तरी याच्याच आसपास पडतं, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचं ठरलं तर कुणी बिल पाठवत नाही. मग तिने बिल दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढेल असं धरून 20 वर्षांची बेरीज मारली. 25,000 च्या वर गेली. ‘एक युरो वेगळा,’ ती म्हणाली.

ही बेरीज चुकीची नाही, पण गंमत अशी की ती कुणालाच नवी नसते. खरेदीच्या भावात लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. लपतं ते दुसरंच. बिल आपण गेलो तरी येतं आणि न गेलो तरी येतं. ज्या वर्षी सासूबाई आजारी, ज्या वर्षी नोकरी बदलली, ज्या वर्षी पोरीची परीक्षा, त्या वर्षीही आपल्या नावाचा गालिचा बदलला जातो. त्यात जसजसे लोक म्हातारे होऊन बाहेर पडतात तसतसा उरलेल्यांचा वाटा फुगतो, कारण छत तेवढंच राहतं.

पुण्याला आईला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘सातबाऱ्यावर नाव लागतं का?’ लागत नाही. इकडच्या बऱ्याच टाइमशेअरमध्ये जागा विश्वस्तांच्या नावावर असते, सभासदांच्या हाती प्रमाणपत्र येतं. ‘मग जागा आपली नाही, खर्च आपला,’ आई म्हणाली. ‘म्हणजे आपलं गावचं घर.’

खरंच की. रत्नागिरीजवळ आमचं सामाईक घर आहे, आणि तिथे सातबाऱ्यावर नावं इतकी लागली आहेत की ती वाचायला तलाठ्याला पाणी प्यावं लागतं. माझ्या आजोबांचे चार भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं. गणपतीच्या पाळ्या ठरलेल्या. मे महिन्यात कुणी कधी जायचं ते ठरलेलं, आणि त्यावरून धुसफूस. दर पावसाळ्याआधी घर शाकारायची वर्गणी येते, काका कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आकडा टाकतात आणि खाली हात जोडल्याची चित्रं. जो वर्षानुवर्षं फिरकला नाही त्यालाही आकडा तेवढाच. विकावं म्हटलं तर सगळ्यांच्या सह्या कधी जमत नाहीत. एक जण कायम ओमानमध्ये असतो. वाटणी जागेची न करता दिवसांची करावी, हे आपल्याला कुणा स्विस कंपनीने शिकवायची गरज नव्हती. देवळातल्या पूजेची पाळीसुद्धा आपल्याकडे मिळकत मानतात. ती वारसाने उतरते आणि तिच्यावरून झालेले दावे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. सदतिसावा आठवडा म्हणजे तशीच पाळी. देव मात्र पाहिजे त्या तापमानाचा नाही.

तरी मला त्या आठवड्याचा मोह सुटत नव्हता. एकदा कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो. 1997 च्या कायद्याने इथे पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा मिळते. त्यातले तीन भारतात जातात. दुबई नाहीतर अबू धाबीमार्गे जायचं, पहिले दोन दिवस झोपेच्या भलत्या वेळांत, मग पुणे, मग रत्नागिरी, मग ज्यांच्याकडे नाही गेलो त्यांचे रुसवे. उरलेला आठवडा पोरांच्या आजारपणात आणि शाळा बंद असलेल्या किरकोळ सोमवारांत चुरगळून जातो. आणि सप्टेंबरात शाळा सुरू झालेली असते. म्हणजे आजोबा मला त्या घराचा आठवडा देत होते, पण त्यात घालायचा माझा आठवडा मलाच आणायचा होता, आणि तो माझ्याकडे नव्हताच. हे फक्त आमच्यासारख्यांचं नाही. मालवण तालुक्यातलं वराड हे ज्यांचं मूळ गाव ते लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना गावी गेले, तेही 2019 च्या डिसेंबरअखेर, सगळ्यांसारखे नाताळच्या सुट्टीत. देश चालवणाऱ्याला रजेचा अर्ज भरावा लागत नसेल, पण गावच्या घराला सवड तेव्हाच मिळते.

कायद्याची बाजूही बघून घेतली. युरोपीय संघाने यावर 1994 मध्ये पहिला निर्देश काढला आणि 2009 मध्ये तो कडक केला. आयर्लंडात त्याचे नियम 2011 पासून लागू आहेत. व्यापाऱ्याकडून टाइमशेअर घेतला तर 14 दिवसांत कारण न देता माघार घेता येते, आणि ते 14 दिवस संपेपर्यंत आगाऊ एक पैही मागायची नाही. तुमचा आठवडा विकून देतो म्हणणाऱ्या दलालालाही विक्री होईपर्यंत पैसे घेता येत नाहीत. हे कलम कुठल्या अनुभवातून आलं असेल ते सांगायला नको. यातून बाहेर पडू पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना ‘आम्ही सोडवतो, आधी थोडे भरा’ असे फोन येतात, आणि एकदा फसलेल्यांची यादी दुसऱ्यांदा फसवायला फार उपयोगी असते. अनेक आयरिश कुटुंबांनी असे आठवडे स्पेनच्या बेटांवर घेतले, ऊन मिळतं म्हणून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या जानेवारीत ठरवलं की 1999 च्या सुरुवातीपासून लागू झालेल्या कायद्यानंतरचे मुदत नसलेले करार टिकणार नाहीत. उन्हात घेतलेलं बंधन कोर्टात सुटलं, ज्यांचं सुटलं त्यांचं.

पण हे सगळं संरक्षण व्यापारी विरुद्ध ग्राहक असं आहे. समोरच्या घरातले, बर्फात आपल्या दारापर्यंत मीठ टाकणारे आजोबा व्यापारी नाहीत. त्यांच्याकडून कुंपणावर घेतलेल्या आठवड्याला 14 दिवसांची माघार नाही. सर्वांत चांगल्या माणसाशी केलेला व्यवहार कायद्याने सर्वांत उघडा पडतो, हे मला जरा अन्यायाचं वाटतं.

दुसरे मार्गही आहेत म्हणा. इथल्या मध्यमवर्गाची खरी हौस म्हणजे ब्रिटस बे नाहीतर कोर्टटाउनच्या बाजूला उभं केलेलं मोबाइल होम. नाव मोबाइल, पण ते हलत नाही, हलतं ते जागेचं वार्षिक भाडं. बऱ्याच ठिकाणी घर ठरावीक वयाचं झालं की ते काढून नवं आणावं लागतं, म्हणजे सेवानिवृत्ती घरालाही चुकलेली नाही. आणि ऐपत असेल तर आख्खी कॉटेज. 1995 मध्ये सरकारने किनाऱ्यावरच्या 15 गावांत बांधकामाला करसवलत दिली, त्यात कोर्टटाउनही होतं. त्यातून एकसारख्या घरांच्या रांगा उठल्या. जानेवारीत तिथून गेलं तर रांगेत एका खिडकीत दिवा असतो.

शेवटी तोडगा बायकोने काढला. त्या आठवड्यातल्या शुक्रवार ते रविवार आम्ही आजोबांकडून भाड्याने घ्यायचे, बिलाचा निम्मा भार उचलून. आजोबांना हे इतकं आवडलं की त्यांनी चहा ठेवला. निघताना मात्र त्यांनी परत एकदा विचारलं, कायमचाच का नाही घेत, एक युरो तर आहे. बायको म्हणाली, आमचा आधीच एक आहे, समुद्रापासून पाच मिनिटांवर, पाणी 28 अंश, आंब्याची झाडं आहेत आणि विकणारे बावीस जण आहेत, तुम्हीच घ्या. आजोबांनी कपात दूध ओतता ओतता विचारलं, मेंटेनन्स किती येतो.